वरचं घर

बहुतेक वर्षी जुलैच्या उत्तरार्धात मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक सुखाची बातमी येते: तानसा भरला. सोबत फेसाळत कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो, आणि चौकटीत आकडे. १२८.६३ मीटरला तानसा काठोकाठ होतो, त्यात १४,५०८ कोटी लिटर पाणी मावतं, मुंबईच्या सात तलावांतला हा साधारण दहावा हिस्सा. यातली मीटरची मोजणी मुंबईच्या टाऊन हॉलच्या खुणेवरून होते. तळं शहापूरच्या जंगलातलं आणि त्याची उंची ठरणार फोर्टातल्या इमारतीवरून! बातमीच्या शेवटी आणखी एक ओळ असते, पान दुमडताना ती बहुतेक वेळा आत जाते. ‘नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.’ मी त्या ओळीतली आहे.

धरण १८९२ साली बांधून झालं. अडीच किलोमीटरहून लांब दगडी भिंत, मालक मुंबई महापालिका. भिंतीच्या वरच्या अंगाला तळं आणि अभयारण्य, खालच्या अंगाला आम्ही. अघई, भावसे, मोहिली अशी गावं, त्यांच्या वाड्या, त्यांचे पाडे. पुढे नदी वज्रेश्वरीच्या गरम कुंडांजवळून वसईकडे जाते आणि वैतरणेला मिळते. तळं भरलं की जास्तीचं पाणी आमच्या नदीत येतं, आणि ते किती येतंय हे क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. हजार क्युसेक ऐकायला काही वाटत नाही. पण म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ तीन टँकर. उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या ज्या पाड्यांवर एका टँकरसाठी हंड्यांची रांग लागते, त्यांच्या पायथ्याशी पावसाळ्यात हे असं चालतं.

धरणावरून निरोप निघतो तो जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे, तिथून तहसीलदार, मग तलाठी, पोलीस पाटील आणि शेवटी कोतवाल. आता व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकदमच कळतं. माझ्या लहानपणी कोतवाल काका डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन सायकल ढकलत वाडीच्या तोंडाशी यायचे आणि ‘काठावरच्यांनी वर सरका हो’ म्हणून ओरडायचे. त्यांचं काम तिथे संपायचं. वर म्हणजे कुठे, कोणी कोणाला घेऊन, काय उचलून, हे त्या साखळीत कुठेच नव्हतं. ते आम्हाला ठाकूरवाडीतल्या बयने शिकवलं. तिच्याविषयी लिहायचं पुष्कळदा मनात आलं आणि राहून गेलं. कारण तिचं आमच्यावरचं ऋण सांगायचं तर आमच्या घराविषयी जे सांगावं लागतं, ते काही फार शोभेचं नाही.

बयचं माहेर भातसा धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाचं काम चालू होतं तेव्हा ती लग्नाची पोर होती. घर सोडायची नोटीस येऊन जुनी झाली, तरी कोणी हललं नाही, आणि हलायची वेळ आली तेव्हा एकच धांदल उडाली. तिच्या बापाने दाराची चौकट उपसून खांद्यावर घेतली. सागाची होती, सोडवेना. बियाण्याची कणगी मागे राहिली. “चौकट आनली न् घरच नव्हतं,” असं ती सांगायची, आणि हसायची. पुढच्या पावसात त्यांना बियाणं उसनं घ्यावं लागलं. अशी नोटिशीने सुटलेली घरं आमच्या भागात पुष्कळ. मुरबाडकडे बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा तोंडली, मोहघर या गावांचंही तेच झालं. तिथल्या माणसांशी बोललं की कळतं, की सामान हलवायला ट्रक मिळतो, पण आधी काय न्यायचं याचा विचार करायला उसंत कोणी देत नाही.

बय आवणीला, म्हणजे भातलावणीला, आमच्या शेतावर यायची. तिचं घर आमच्या वाडीमागच्या टेकाडावर, पाऊण तासाच्या चढावर. एका वर्षी आगोटीच्या दिवसांत, म्हणजे सरपण, सुकट, मीठ-मिरची भरून ठेवायची, कौलं चाळायची ती घाई असते तेव्हा, ती आमच्या पडवीच्या कडेला टेकली होती. आजी मिरच्या निवडत होती. बय म्हणाली, “पानी आलं तं कुठं जाशील गं बाय?”

“देवळात,” आजी म्हणाली.

“देऊळ तं नदीच्या पोटात हाय. देव पवंल. तू पवशील?”

आजीला उत्तर सुचलं नाही. मग बय म्हणाली, “माझ्या घरी ये.” आणि आजी गप्प झाली. आम्ही कुणबी, ती ठाकूर. ती आमच्या चिखलात कंबर मोडेपर्यंत वाकायची, आमच्या घरचं जेवायची. पण तिच्या चुलीवरचं आमच्या आजीच्या पिढीने कधी तोंडी लावलेलं नव्हतं. बयला हे ठाऊक होतं, आणि तिने त्यावर तोडगाही तयार ठेवला होता. “तुझी भांडी आदीच आनून ठेव. तुझं तू शिजव.”

अशी ती पेटी वर गेली. पत्र्याची, कडीकुलपाची. आत एक पातेलं, तवा, तांदूळ, डाळ, मीठ, आगपेट्या, कंदील, रॉकेलची बाटली, जुनी लुगडी, आणि बयच्या हट्टाने हळव्या भाताचं बियाणं. आजकाल आपत्ती व्यवस्थापनाच्या पत्रकात लिहितात की तयार पिशवी दाराजवळ ठेवा. बयचं म्हणणं वेगळं होतं. दाराजवळची पिशवी अंधारात सापडत नाही, सापडली तर भिजते, आणि ती उचलणारा हात पोराला धरायला मोकळा राहत नाही. म्हणून सामान जिथे जायचंय तिथेच आधी पाठवायचं. निघताना हातात फक्त माणसं. मला हे अजूनही कोणत्याही छापील सूचनेपेक्षा शहाणपणाचं वाटतं, आणि ते मुळात आजीच्या शिवाशिवीतून निघालं, हेही खोटं नाही.

पेटी मृगाच्या आधी वर जायची आणि दसऱ्याला खाली यायची. नेताना सगळं घर जायचं, कारण टेकाडावर वाघोबाचा दगड होता आणि पावसाच्या तोंडाशी त्याला नारळ द्यायचा असा आमचा रिवाज पडला. आजोबा अर्धांगाने बसलेले, त्यांनाही झोळीतून न्यायचं. आम्हा पोरांना ती सहल वाटायची. शाळेत नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा ‘मॉक ड्रिल’ झालं, घंटा वाजली, मुलं रांगेने मैदानात गेली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाघोबाचा नारळ म्हणजे दुसरं काय होतं.

बयने आणखी काही गोष्टी लावून दिल्या. पावसाळ्यात गुरांच्या दाव्याला सरकगाठ मारायची, शेंडा ओढला की लहान पोरालाही सोडता यावी. गुरं आपली चढाकडे जातात, त्यांना ओढत बसायचं नाही. कोंबड्यांचं डालगं निजताना उघडं. वाट रस्त्याची नाही. रस्ता ओहोळावरच्या मोरीवरून जातो आणि ओहोळ नदीच्या आधी चढतो; म्हणून मागच्या बांधावरून, खडकाच्या कडेने. त्या वाटेवरच्या झाडांना हातभर उंचीवर चुन्याचे पट्टे, कंदिलाच्या उजेडात दिसतील असे. आणि निघायचं कधी, तर नदीकाठच्या उंबराच्या मुळाला पाणी लागलं की. फांदीला लागायची वाट पाहायची नाही.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी होती आणि तिच्यावरून घरात कुरबुर झाली. बय म्हणाली, निघा असं सांगायचं ते सुनेनं. म्हणजे माझ्या आईने. आजोबा घरचे कर्ते, बाबा कमावते, आजी तर आजीच. पण बाबा वासिंदला कारखान्यात, त्यांची पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची. आजोबा हलायला नाखूश असणार, कारण त्यांना उचलावं लागतं आणि त्याची त्यांना लाज. आजी गुरांसाठी थांबणार. पोरं लहान. “जी दिसभर घरात न् पान्यावर हाय, तिला पयलं कळंल,” बय म्हणाली. आईने तोवर सासऱ्यांसमोर मान वर करून एक वाक्य उच्चारलेलं नव्हतं.

२६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवसाची मुंबई सगळ्यांना माहीत आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. आमच्याकडे कोणी मोजत नव्हतं. दुपारीच दिवे गेले. बाबा पहिल्या पाळीनंतर काही कामाला कल्याणला गेले होते ते तिकडेच अडकले, गाड्या बंद. आवणी नुकती आटोपली होती आणि खाचरांतली रोपं दिसेनाशी झाली होती. आई दर थोड्या वेळाने इरलं डोक्यावर घेऊन उंबरापर्यंत जाऊन यायची. तिन्हीसांजेला आली ती ओटीवर न चढता अंगणातूनच म्हणाली, “मामंजी, उंबराला पाणी लागलं. निघायचं.”

आजोबा म्हणाले, “रात्रीचं बघू.”

“रात्रीचं दिसणार नाही,” आई म्हणाली, आणि त्यांच्या अंगाखाली घोंगडी सरकवायला लागली.

तिला एकटीला ते जमणारं नव्हतं. पण तेवढ्यात मागच्या बांधावरून बयचे दोघे मुलगे बांबू घेऊन उतरले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. वरून उंबर दिसतो. बाबा घरात नाहीत हे बयला ठाऊक होतं, कारण या दिवसांत कोण कुठल्या पाळीला आहे याची चौकशी ती आवणीत चिखल तुडवतानाच करून ठेवायची. झोळी बांधली, आजोबांना उचललं. आईने दावी ओढली. मी धाकट्या भावाला पाठीशी बांधलं. हातात काही नव्हतं. चुन्याचे पट्टे पावसाने निम्मे धुतले गेले होते, तरी पाय वाट विसरले नाहीत. कोतवाल काकांची हाक आम्ही खडकाच्या कडेला पोहोचल्यावर खालून आली.

बयचं घर कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं, आमच्या घराच्या निम्मं. त्यात तिची माणसं आणि आमची माणसं. आजीने पेटी उघडली, पडवीत तीन दगड मांडले आणि आपली चूल पेटवायला बसली. वाऱ्याने पाऊस आत येत होता. आगपेट्या कोरड्या होत्या, लाकूड नव्हतं. ती फुंकत राहिली, धुराने डोळे चोळत राहिली. आत बयच्या चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या झाल्या होत्या. बयने आजीला काही म्हटलं नाही, आम्हालाही हाक मारली नाही. आई उठली, आत गेली, भाकरी घेऊन आली, तुकडे करून आम्हाला दिले, आणि मग सासूच्या समोर बसून स्वतः खाल्ली. आजोबांनीही मागितली. आजी त्या रात्री उपाशी निजली. दुसऱ्या दिवशी तिने आपलं पातेलं बयच्या चुलीवर ठेवलं. भांडं आपलं, विस्तव तिचा. त्यापलीकडे ती आयुष्यात गेली नाही आणि कोणी तिला ताणलंही नाही. माणसं एका रात्रीत बदलतात असं गोष्टींत वाचते, तेव्हा मला ते पातेलं आठवतं.

घर उभं राहिलं, पण ओटीपर्यंत गाळ. शेतात वाळू. रोपं गेली होती. तेव्हा पेटीतलं हळवं बियाणं मोड आणून चिखलावर फेकलं, रहू टाकला म्हणतात तसा. पूर्ण पीक नाही आलं, खाण्यापुरतं आलं. त्या वर्षी वाडीत पुष्कळांच्या घरी तेवढंही नव्हतं. बाबा पाणी ओसरल्यावर रुळांवरून चालत आले, रिकाम्या घरात शिरले, दावी सुटलेली पाहिली आणि तसेच टेकाड चढले. त्यांनी शोधाशोध केली नाही. आम्ही कुठे असणार हे त्यांना कल्याणपासून ठाऊक होतं. योजनेचा हा उपयोग मला नंतर कळला: जो बरोबर नाही, त्यालाही आपण कुठे आहोत ते ठाऊक असणं.

त्याच आठवड्यात, २८ जुलैला, मुंबईत जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत अफवा उठली की धरण फुटलं, लाट येतेय. लोक अंधारात धावले आणि चेंगराचेंगरीत माणसं दगावली. पाणी आलंच नव्हतं. आम्ही खऱ्या पाण्यापुढून चालत गेलो आणि ते खोट्या पाण्यापुढून धावले. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ‘वरचं घर’ असायला आधी कोणीतरी वर राहावं लागतं आणि त्याने दार उघडावं लागतं. ४ ऑगस्ट २०१९ला खडवलीजवळच्या जू-नांदखुरीत पाण्याने वेढा घातला तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने ५८ जणांना उचललं. आमच्यासारख्या काठावरच्यांना ते पाहून धीर येतो, आणि भीतीही वाटते, की हेलिकॉप्टर येईपर्यंतचे तास छपरावर काढायचे असतात.

त्याच्याही आधी, ३० जुलै २०१४ला, माळीण झालं. घाटाच्या त्या बाजूला, आंबेगाव तालुक्यात, डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. आम्ही इतकी वर्षं ज्या टेकाडाला सुरक्षित समजत होतो, त्याच्याकडे त्या पावसात पहिल्यांदा वेगळ्या नजरेने पाहिलं. बय तेव्हा थकली होती, पण डोकं जागेवर. तिनेच विचारलं, “आता डोंगर आला तं आमी कुठं जायचं?” पुढच्या आगोटीपासून त्यांची एक पेटी आमच्या माळ्यावर असते. नदी चढली तर आम्ही वर, टेकाडाला भेग दिसली, झरा गढूळ झाला, झाडं कलली तर ते खाली. दोन्ही एकदम झालं तर? यावर आमच्या पडवीत भांडणं झाली. शेवटी मधल्या माळावरची शाळा ठरली. तिथे पोचायला दोन्हीकडून ओहोळ लागत नाही, एवढाच तिचा गुण. २०२३च्या १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तीही ठाकरांचीच वाडी. त्यानंतर शाळेच्या चावीचा एक जोड बयच्या घरी आणि एक आमच्याकडे राहू लागला.

कागदावरही आता पुष्कळ झालं आहे. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांच्या मालकांना आणीबाणीची कृती योजना करायला सांगितलं आहे. पाणी कुठवर पसरेल याचे नकाशे त्यात येतात. नद्यांच्या काठी निळ्या आणि लाल पूररेषा आखतात. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ लावता येतो. हे सगळं हवंच, आणि ते आमच्या पाड्यांवर मराठीत समजावून सांगायला कोणी आलं तर आम्ही चहा करू. पण नकाशातली रेषा आमच्या अंगणातून गेली तरी आजोबांना झोळीत कोण उचलणार, ते घरानेच ठरवावं लागतं.

मी आता टिटवाळ्यात राहते, तळमजल्यावर, काळू नदी फार लांब नाही. माझीही पेटी आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. सासूबाईंच्या इन्सुलिनची सोय, चष्म्याचा जोड, कागदपत्रांच्या प्रती, सुट्ट्या नोटा, कागदावर लिहिलेले फोन नंबर. निघताना मेन स्विच मी बंद करायचा, गॅस मुलीने. आणि निघा असं सांगायचं ते सासूबाईंनी, कारण दिवसभर घरात त्याच असतात. काकू पहिल्या वर्षी जरा बिचकल्या होत्या. पेटी कशाला, म्हणाल्या, वेळ आली तर याच की. मी म्हटलं, वेळ येण्याआधी यायची सवय हवी. म्हणून दर आगोटीला त्यांच्याकडे एकदा सगळे जेवायला जातो.

आई गावीच आहे. उंबर नदीने केव्हाच नेला. आता शाळेकडच्या विजेच्या खांबावर लाल पट्टा मारलेला आहे, तो बयच्या नातवाने. बय राहिली नाही. २४ जुलै २०२४च्या दुपारी तानसा भरून वाहू लागला, आणि बातमी माझ्या मोबाइलवर येण्याआधी त्या नातवाचा फोन आला. आईला तो मावशी म्हणतो. म्हणाला, “ताई, पट्ट्याला पाणी लागायच्या आतच मावशींना वर आणलंय. निघायचं त्यांनीच सांगितलं, मी फक्त गुरं सोडली. भाकरी खाल्ली त्यांनी. आता रेंज जाईल, घाबरू नको.” मग फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून म्हणाला, “आणि तुमच्या पेटीतल्या तांदळाला किडे झालेत. मावशींना बोललो नाही. आम्ही आमचेच शिजवलेत.”